दुसरा ठोका

हिरवा ठिपका डावीकडून उजवीकडे गेला, परत आला, पुन्हा गेला... आणि तिच्या लक्षात आलं की पट्ट्यांवर बोटं ठेवायची सोडून आपण नुसत्या त्याच्याकडे बघत बसलो आहोत. ठिपका जुन्या लॅपटॉपच्या पडद्यावर होता आणि लॅपटॉप पियानोवर, जिथे चाळीस वर्षं ठोके देणारा लाकडी मेट्रोनोम उभा असायचा तिथे. मिनिटाला साठ ठोके, सेकंदाला एक, त्यात न जमण्यासारखं काय आहे – शेंबडं पोरही टाळी वाजवेल – पण सत्तेचाळीस वर्षांच्या बाईला ते जमत नव्हतं, आणि आज संध्याकाळी पाच वाजता जमायला हवं होतं. जमवायचंच, ती मनातल्या मनात म्हणाली.

पाच वाजता नाचाचा वर्ग होता. महिनाभर ती तिथे पियानो वाजवत होती, अजून पक्की नव्हती, आणि पक्कं होण्याची तिला इतकी आस लागली होती की स्वतःचीच लाज वाटावी. सकाळी नऊ ते चार चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायची, वीस वर्षं तेच. तिथे तिच्या हातून केसाइतकी चूक कधी झाली नव्हती. पण तिच्या वाजवण्याची कुणाला गरज पडावी, हे आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. आणि मंगळवारी नाचाच्या बाई म्हणाल्या होत्या, "पोरींचा दुसरा पाय जमिनीवर पडतो तेव्हा तुमचा सूर अजून वाटेतच असतो. गुरुवारी शेवटचं बघू या. नाहीतर मी आपलं मोबाईलवर काहीतरी लावेन." त्यांनी हे रागावून सांगितलं असतं तर बरं झालं असतं, त्या अगदी मायेने बोलल्या, म्हणून जास्त झोंबलं.

आज गुरुवार.

हे ठोक्यांचं सॉफ्टवेअर तिने महिन्यापूर्वी उतरवून घेतलं होतं. फुकट होतं, आणि वर बनवणाऱ्याने लिहून ठेवलं होतं – घ्या, उघडा, आत काय आहे ते बघा, हवं तसं बदला, दुसऱ्याला द्या. एवढा उदार माणूस म्हणजे नक्की काहीतरी गफलत असणार, असं तिला वाटलं, आणि तिसऱ्याच दिवशी तिने त्याला तक्रार धाडली: तुमचा दुसरा ठोका लवकर पडतो, कृपया दुरुस्त करावा. कृपया... आठवलं की अजून कान गरम होतात. त्या अनोळखी माणसाने ठोके मोजून, त्यांचा आलेखच पाठवला. सगळी अंतरं सारखी. खाली त्याने लिहिलं होतं, 'मला चूक सापडली नाही. पण तुम्हाला दुसरा ठोका उशिरा हवा असेल तर अमुक ओळीतला आकडा बदला, सॉफ्टवेअर तुमचंच आहे.' यंत्र खोटं की मी खोटी – मी तर लहानपणापासून मेट्रोनोमवर वाजवलंय, बाबांच्या मेट्रोनोमवर, आणि बाबा म्हणजे कोण, गावभरचे पियानो सुरात लावणारा माणूस! मी कशी चुकेन?

त्याच हट्टाने तिने कपाटातून लाकडी मेट्रोनोम काढला होता. किल्ली दिली, जेवणाच्या टेबलावर ठेवला. टिक... टक. टिक... टक. त्याच्या एका पायाला घडी घातलेलं एक कार्ड चिकटलेलं होतं, वर्षानुवर्षांच्या धुळीने जणू त्याचाच भाग झालेलं. तिने ते नखाने सोडवलं, आणि ठोके सारखे झाले. नुसते सारखे झाले नाहीत, लाकूड खरखरायलाही लागलं. तेव्हा तिला सगळं उमगलं. बाबांना ती खरखर सहन झाली नसणार. सुराच्या माणसाला सूर खुपतो. त्यांनी एक बाजू उचलून आवाज बंद केला, आणि ठोका लंगडा झाला तो त्यांच्या कानाला कधी जाणवलाच नाही. चाळीस वर्षं ती त्या लंगड्या ठोक्याबरोबर चालत आली होती.

ते बाबांना सांगायचं धाडस आठ दिवसांत झालं नव्हतं. त्याऐवजी तिने भलतंच केलं. सॉफ्टवेअरची दुसरी प्रत काढून, त्या माणसाने सांगितलेल्या ओळीतला आकडा बदलला, थोडा, आणखी थोडा, होता होता तोच जुना ठोका तिथे आला, आणि ती त्यावर वाजवत राहिली – किती सुरेख, किती बिनचूक, जुन्या चपलेत पाय जावा तसे हात चालले. त्या प्रतीला तिने 'बाबा' असं नाव दिलं. आताही ती प्रत पडद्याच्या कोपऱ्यात होती. एकदा दाबलं की सगळं बरोबर.

नाही.

तिने मूळ सॉफ्टवेअरलाच सांगितलं: चार ठोके वाजव, चार गप्प राहा. गप्प असताना मोजायचं आपण, आणि ते परत येईल तेव्हा आपण तिथे हजर असायचं. चार वाजले. चार गप्प. ती वाजवत राहिली, यंत्र परत आलं – आणि ती मागे. पुन्हा. मागे. पुन्हा, दात आवळून. मागेच. पाचव्या वेळेला, त्या गप्प चारांत, तिला ऐकू आलं: शेजारच्या खोलीत खुर्चीच्या हातावर बोट वाजत होतं. टिक... टक.

ती उठून दारात गेली. त्र्याऐंशी वर्षांचे बाबा खिडकीशी बसले होते, चहा निवून गेला होता.

"बाबा, तुम्ही ठोके देताय?"

"अगं, तुझं यंत्र मधेच बंद पडतंय. म्हटलं, तेवढ्यापुरतं सांभाळून घ्यावं."

"बंद पडत नाही ते. मीच गप्प ठेवलंय. मला एकटीने मोजायचंय."

"मग मोज की. मी कुठे आड येतोय?"

येताय, बाबा... नऊ वाजायला वीस मिनिटं होती. आता नाही सांगितलं तर पाच वाजता ते बोट तिथेही असेल. तिने खिशातून ते कार्ड काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं.

"हे मेट्रोनोमच्या पायाखाली होतं. त्याने तो कलायचा. दुसरा ठोका उशिरा पडायचा, आणि मी तोच शिकले."

त्यांनी कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं. "खरखरायचा तो," ते म्हणाले. "कानाला फार त्रास व्हायचा." मग त्याच्या घडीवरून अंगठा फिरवत, "एवढी वर्षं?"

"एवढी वर्षं."

"आणि मी तुला म्हणायचो, घाई करू नकोस."

तिला वाटलं, हे आपण बोलायला नको होतं. आणि त्याच क्षणी वाटलं, आठ दिवस आधीच बोलायला हवं होतं. बाबांनी कार्डाची घडी नीट दाबली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली.

"जा, चिंगे. मधलं दार लावून घे. हाताला सवय आहे मेल्या, चालेल पुन्हा."

ते दार या घरात कधी लागलं नव्हतं. बिजागरी करकरली. ती परत बसली. चार वाजले, चार गप्प – आणि आता ती शांतता खरोखरच रिकामी होती. सातव्या वेळेला यंत्र परत आलं तेव्हा ती तिथेच होती. आठव्याला नव्हती. नवव्याला होती.

दिवसभर दुकानात घासणीचं चाक गुणगुणत होतं आणि ती त्याखाली मोजत होती. गिऱ्हाइकं आली, गेली. सकाळी निघेपर्यंत दहातून सहा वेळा जमायला लागलं होतं, असा तिचा हिशेब होता. सहांवर कोण कुणाला कामावर ठेवतं, तेही तिला ठाऊक होतं. तरी जायचं.

पाच वाजता आठ पोरी भिंतीलगतच्या कठड्याला धरून ओळीत उभ्या राहिल्या. बाई मोजून देत नसत. सुरुवात वाजवणारीनेच करायची. इथे ठिपका नव्हता. बाईंनी तिच्याकडे पाहून मान हलवली.

तिने पहिला सूर दाबला. पहिला कुणालाही जमतो. मग ती जागा आली, एक आणि दोनच्या मधली, आणि तिथे बाबांचं बोट उचललेलं तिला स्पष्ट दिसलं, नेहमीसारखं, सावकाश खाली येणारं... थांबावंसं वाटलं, फार वाटलं, जन्मभर ती त्याच्यासाठीच तर थांबत आली होती. ती थांबली नाही. पोरींचे पाय तिच्या सुराबरोबर पडले की आधी, हे तिला कळलंच नाही, कारण ती दुसरंच ऐकत होती – तिच्या मागून, किंचित उशिराने, खुर्चीच्या हातावर पडलेला तो ठोका. तो थांबला नव्हता, कधी थांबणारही नव्हता. फक्त आता तो तिच्या मागून येत होता. येऊ दे, ती म्हणाली, आणि तिसऱ्या ठोक्याकडे निघाली.