घंटेसमोरची खोली

चिमीने चष्मा रुमालाने पुसला, नाकावर नीट बसवला आणि त्या हॉटेलबद्दलची सगळ्यात वाईट तक्रार पुन्हा एकदा मोठ्याने वाचली.

“‘खिडकीखाली ट्राम, खिडकीसमोर घंटेचा मनोरा. रविवारी सकाळी मोठी घंटा अशी वाजते की खाट हलते. ज्याला झोप प्यारी आहे त्याने इकडे फिरकू नये.’ झालं. सापडलं आपलं हॉटेल.”

शेजारी बसलेल्या भाच्याने कपाळावर हात मारला.

“मावशी, हे हॉटेल न घेण्याचं कारण आहे.”

“त्या माणसासाठी. आपल्यासाठी नाही.”

आतल्या खोलीत ताईचा टीव्ही एवढ्या मोठ्याने चालला होता की बातम्या देणारी बाई जणू त्यांच्याच टेबलावर येऊन बसली होती. त्यामुळे इकडे कितीही मोठ्याने बोललं तरी चालण्यासारखं होतं.

साठी उलटून गेली तरी घरात तिला चिमीच म्हणत. नोकरीची सगळी वर्षं तिने पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींच्या खिडकीमागे काढली होती. लोक येत, आदळआपट करत, आणि चिमी ऐकून घेई. त्यातून ती एक गोष्ट शिकली होती. कौतुक करणारा माणूस घाईत असतो, ‘छान, छान’ म्हणून मोकळा होतो. तक्रार करणारा मात्र बैठक मारून सविस्तर सांगतो, आणि त्या भरात चांगलं काय आहे तेही सांगून जातो. ‘नळाला जोर इतका की बादली सांडते’ असं कुणी बोंबलत आला, की त्या गल्लीत पाणी उत्तम येतंय एवढं तिला कळे. हॉटेलं शोधतानाही तिने तीच रीत धरली. चांगले शेरे ती वाचतच नव्हती.

“ट्राम खिडकीखाली म्हणजे थांबा दारात,” ती भाच्याला म्हणाली. “ताईचे गुडघे वाचले. मनोरा समोर म्हणजे ताईला बघायचाय तो चौकही समोर. जिना, गाद्या, न्हाणीघर, याबद्दल कुणाची एक ओळ नाही. सगळे आपले आवाजावर तुटून पडलेत. म्हणून तर त्या भागातलं हे एकटंच आपल्या खिशात बसतंय.”

“अगं, पण झोपणार कशा तुम्ही दोघी? त्यापेक्षा मी म्हणतो ते घ्या. विमानतळाजवळ आहे, शांत आहे, मी दोनदा राहिलोय.”

“आणि चौक बघायला रोज तासभर बस? तुझी आई दुसऱ्या दिवशी खोलीतच बसेल. विमानं मोजत.”

भाच्याने मान डोलावली. तेवढं त्यालाही पटलं होतं.

“आवाजाचं मात्र तू काढू नकोस,” चिमीने आवाज खाली आणला, सवयीने. “रात्री ती कानातलं मशीन काढून ठेवते. मग कानाशी ढोल बडव, तिला पत्ता नसतो.”

घरात हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. ताईला ऐकू येत नाही, असं म्हणायची सोय नव्हती. लोक तोंडातल्या तोंडात बोलतात, हल्लीची गाणी पुटपुटल्यासारखी असतात, सुनेचा आवाज मुळातच बारीक, असं ताईचं म्हणणं. मशीन तिने घेतलं ते ‘डॉक्टरच्या समाधानासाठी’. त्यातून सगळं पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं ऐकू येतं म्हणून तिची चिडचिड होई. हळूहळू तिने लग्नाकार्याला जाणं सोडलं. मग शेजारी जाणं सोडलं. एकच गोष्ट दोनदा विचारावी लागली की तिचा चेहरा पडे.

आणि अशी ही ताई एके दिवशी चहा पिता पिता म्हणाली होती, “तो चौक बघायचा राहिला आपला.”

तो चौक म्हणजे आईच्या बटणांच्या डब्यावरचं चित्र. मनोरा, दगडी फरशी, छत्री घेतलेली एक बाई. लहानपणी दोघी बहिणी त्या डब्यावरून भांडायच्या. चित्राखाली शहराचं नाव होतं आणि ते कसं वाचायचं यावरूनही भांडायच्या. भांडण अर्थात ताई जिंकायची. चिमीची शाळा ताईने निवडली, चष्म्याची फ्रेम ताईने निवडली, तक्रारींच्या खिडकीचा अर्जही ताईनेच आणून पुढ्यात ठेवला होता. चिमीने एकदा स्वतःच्या मनाने पडदे आणले, तर ‘पडदे आणलेस की परकर?’ हे वाक्य तिने पुढे कैक वर्षं ऐकलं.

म्हणून त्या दिवशी ताई जेव्हा “हॉटेलचं तू बघ,” म्हणाली, अगदी ‘दुधाकडे बघ’ म्हणावं तशी, तेव्हा चिमीने हातातला कप खाली ठेवला. ताईला फोनवर बोलणं जमत नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ होता हे तिला कळत होतं. तरी तिला आनंद झाला आणि लगेच धडकीही भरली. हा प्रवास बिघडला तर ताई पुन्हा उंबरा ओलांडणार नव्हती. दार एकदा लागलं की लागलं. आणि ते चिमीच्या हाताने लागलेलं असणार होतं.

तिने हॉटेलला लिहून टाकलं. खोली समोरच्याच बाजूची हवी, चौक दिसणारी. उलट उत्तर आलं की बाईसाहेब, ती खोली सहसा कुणी मागत नाही, मागची बाजू शांत आहे, आपण नक्की विचार केला आहे ना? चिमीने उत्तर धाडलं, केला आहे.

*

शनिवारी दुपारी ट्राम त्यांना हॉटेलच्या दारात उतरवून गेली. अक्षरशः दारात. ताईने एक पाय पायरीवर ठेवला आणि दुसरा फुटपाथवर, की समोर काचेचा दरवाजा. तिने मागे वळून पाहिलं. चौक तिथेच होता. मनोरा, दगडी फरशी, कबुतरं, आणि छत्रीवाली बाई सोडली तर सगळं जागच्या जागी.

ताईने पर्स या हातातून त्या हातात घेतली.

हॉटेल साधंच होतं. लिफ्टमध्ये दोघी आणि एक बॅग मावली, दुसरी बॅग मागून आली. खोलीत दोन खाटा, पांढऱ्याशुभ्र चादरी, उंच खिडकी. ताईने चादरीवरून हात फिरवला, नळ सोडून पाहिला, कपाटाचं दार उघडून वास घेतला. चिमी भिंतीला टेकून उभी राहिली. परीक्षेचा निकाल लागताना ती अशीच उभी राहायची.

“बरं आहे,” ताई म्हणाली.

ताईच्या तोंडून ‘बरं आहे’ म्हणजे इतरांच्या तोंडून सनई-चौघडा. चिमीच्या छातीवरचा अर्धा दगड उतरला.

उरलेला अर्धा उशीवर होता. प्रत्येक उशीवर कागदात गुंडाळलेले दोन पिवळे मऊ बोळे ठेवलेले, वर चॉकलेट. ताईने चॉकलेट तोंडात टाकलं आणि बोळे तळहातावर घेऊन निरखले.

“हे काय गं?”

आता काय सांगायचं? ‘इथे आवाज फार, कानात घालायला दिलेत’ म्हणावं, तर ताई विचारणार की मग असलं हॉटेल घेतलंसच का. आणि त्याचं खरं उत्तर तर देताच येत नव्हतं.

“ते... विमानात घालतात. परतीच्या वेळी.”

“किती काळजी घेतात,” ताई म्हणाली, आणि बोळे चिमीच्या हवाली केले.

त्या संध्याकाळी दोघींनी चौकाला दोन फेऱ्या मारल्या. मधूनमधून मनोऱ्यात लहान घंटा वाजत होती. ताईने कानामागे हात नेऊन मशीन चाचपलं, तोंड वाकडं केलं. “डबा बडवल्यासारखं वाजतंय,” म्हणाली. मग एका बाकावर बसून तिने लोकांचे बूट बघितले, कोट बघितले, एका आजोबांच्या कुत्र्याला नावं ठेवली. कुणी तिच्याशी बोलायला आलं नाही, आणि आलं असतं तरी इथली भाषा चिमीलाही येत नव्हती. दोघी बहिणी इथे सारख्याच बहिऱ्या होत्या. ताई खूप दिवसांनी आरामात बसली होती.

झोपायच्या वेळी ताईने मशीन काढून डबीत ठेवलं आणि कूस बदलून घोरायला लागली. खाली ट्राम खडखडत गेली, काचेच्या पेल्यातलं पाणी थरथरलं. चिमीने स्वतःचे बोळे कानात घातले. तरी खडखड येतच होती. मग ताईचेही दोन पिळून त्यांच्यावर दाबले. जग एकदम कापसात गेलं. उद्या रविवार, मोठी घंटा. पण ताईला काय त्याचं, असं म्हणून तिने स्वतःच्या हुशारीवर खूश होत डोळे मिटले.

*

कुणीतरी तिला गदागदा हलवत होतं.

चिमीने डोळे उघडले. खोलीभर ऊन. खाटेशी ताई उभी, केस मोकळे, डोळे मोठे झालेले. तिचे ओठ हलत होते, हात खिडकीकडे जात होते, पुन्हा चिमीच्या खांद्यावर येत होते. चिमीला एक अक्षर ऐकू येत नव्हतं.

“काय?” चिमी म्हणाली. “काय म्हणतेस?”

ताई बोलतच होती. चिमीने पुन्हा ‘काय?’ विचारलं, आणि ताईने कपाळाला आठी घालून अजून मोठ्याने तोंड हलवलं. मग चिमीच्या ध्यानात आलं. तिने घाईघाईने एका कानातले बोळे उपसले, मग दुसऱ्यातले.

आवाज खोलीत घुसला. घुसला म्हणजे भिंतींतून, खाटेच्या पायांतून, दातांतून. समोरच्या मनोऱ्यात ती मोठी घंटा वाजत होती. खोल, जाड, घुमणारा आवाज, एक संपायच्या आत दुसरा. तक्रार करणाऱ्याने काही वाढवून सांगितलं नव्हतं. खाट खरोखर हलत होती.

मेले, चिमीच्या मनात आलं. जागी झाली ताई. ऐकू गेलं हिला. सगळा हिशेब केला आणि हाच राहिला. घंटा काही शेजारीण नव्हे पुटपुटायला. चिमीच्या डोळ्यांपुढे विमानतळाजवळचं ते शांत हॉटेल आलं, भाचा आला, पडदे आणि परकरही आले.

“ताई, अगं, आपण मागची खोली मागू. मी आत्ता खाली जाते.”

“गप,” ताई म्हणाली. “ऐकू दे.”

ती खिडकीशी गेली आणि तिने खिडकी सताड उघडली. आवाज दुप्पट झाला. ताईने काठावर दोन्ही हात ठेवले, मान थोडी वाकडी केली, लहानपणी गाणं ऐकताना करायची तशी. मशीन डबीतच होतं. डबी टेबलावर, झाकण बंद.

घंटा थांबली. नुसता घुमारा उरला, तोही हळूहळू चौकात विरून गेला.

ताई वळली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती पुसायचं विसरली होती. ताईला रडताना चिमीने आई गेली तेव्हा पाहिलं होतं, त्यानंतर आज.

“मशीन नव्हतं गं लावलं,” ताई म्हणाली. “नुसत्या कानांनी. पत्रा नाही, डबा नाही, खरी घंटा. आधी वाटलं स्वप्नात वाजतेय. मग पायांनाही लागली.”

चिमी खाटेवर बसूनच राहिली.

“मला ऐकू येत नाही, चिमे,” ताई चिमीच्या ओठांवर नजर ठेवून म्हणाली. “केव्हापासूनच येत नाही. तुला माहीत होतं ना?”

“हो.”

“तरी कधी बोलली नाहीस.”

“तू बोलत नव्हतीस म्हणून.”

ताईने मान हलवली. मग येऊन तिच्याजवळ बसली. उशीवर पडलेल्या चार पिवळ्या बोळ्यांकडे तिचं लक्ष गेलं. तिने एक उचलला, चिमीच्या कानाकडे पाहिलं, पुन्हा बोळ्याकडे. ताई काही दुधखुळी नव्हती.

“तर असा आवाज असतो इथे,” ती सावकाश म्हणाली. “आणि तुला तो आधीपासून ठाऊक होता.”

“तक्रारी होत्या तशा,” चिमी म्हणाली.

“आणि तरी घेतलंस. मुद्दाम, अगदी समोरचीच खोली.” ताईने तिचा हात हातात घेतला. “मला ऐकू यावं म्हणून शोधलंस ना हे?”

चिमीने तोंड उघडलं. कालच्या बोळ्यांचं सोडलं तर आयुष्यभर ताईपुढे तिने खरं तेच सांगितलं होतं. पडदे स्वस्तात मिळाले म्हणून घेतले, हेसुद्धा. ताई वाट बघत होती, तोंडाकडे बघत, एक शब्द निसटू नये म्हणून.

“हो,” चिमी म्हणाली. स्पष्ट, सावकाश, ताईला ओठांवरून वाचता येईल असं.

“मला वाटलंच,” ताई म्हणाली. “एवढं गोंगाटाचं हॉटेल चुकून कोण निवडेल?”

खालून बशा-चमच्यांचे आवाज येत होते. नाश्ता खोलीच्या भाड्यातच होता, आणि पैसे भरलेली वस्तू ताईने जन्मात कधी सोडली नव्हती. चिमीने घड्याळ पाहिलं.

“ताई, चल, नाहीतर नाश्ता आवरतील.”

“आवरू देत,” ताई म्हणाली, आणि खुर्ची ओढत खिडकीशी नेली. “तू खाली विचारून ये, ही पुन्हा कधी वाजते ते. आणि चिमे, पुढच्या गावचं हॉटेलही तूच बघ.”