मालनने पाहिलेली दीर्घिका

चौबळ मास्तरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, आणि हे त्यांनी बायकोखेरीज कुणाला कळू दिलं नव्हतं. दोन वर्षं काच घासघासून त्यांनी कल्याणच्या घराच्या गच्चीवर दुर्बीण उभी केली आणि नेमका तेव्हाच डोळ्यांनी दगा दिला. मग दुर्बिणीला डोळा लावायची ती त्यांची बायको, मालन.

पंचावन्न सालच्या चैत्रात ती म्हणाली, "अहो, इथं पुसट काहीतरी आहे. मसूर कडेनं धरल्यासारखं, मध्ये फुगीर."

मास्तरांच्या जुन्या नकाशात तिथं काहीच नव्हतं. मालनने पेन्सिलीने चित्र काढलं. मास्तरांनी ते परदेशी वेधशाळेला धाडलं, खाली स्वतःचं नाव घालून. "बाईचं नाव पाहून कोण उघडून बघणार?" ते म्हणाले. मालन गप्प राहिली. तोच होकार, असं त्यांनी धरलं.

बातमी गावभर झाली. शाळेने सत्कार ठरवला. दोन दिवस आधी उत्तर आलं. ही दूरची दीर्घिका दीडशे वर्षांपूर्वीच सापडलेली आहे. मात्र लहान दुर्बिणीतून इतकं नेमकं टिपणारा डोळा विरळा.

"म्हणजे आधीच सापडलेली," मालन म्हणाली.

"हो."

"आणि डोळा कुणाचा म्हणतात ते?"

मास्तरांनी पत्राची घडी घातली. 

रविवारी सत्काराच्या वेळी खांद्यावर घातलेली शाल त्यांनी परत केली आणि सांगून टाकलं, "हा शोध माझा नाही. फार पूर्वीचा आहे." पुढचं वाक्य ओठांवर होतं. तेवढ्यात हेडमास्तर उठले, "असा प्रामाणिकपणा आज कुठं आहे?" म्हणत शाल पुन्हा त्यांच्या खांद्यावर घातली. टाळ्या थांबेनात. मास्तर खाली बसले. बायकांच्या रांगेत मालनचे हात मांडीवरच होते.

"मी सांगणारच होतो," वाटेत ते म्हणाले.

"ऐकलं मी, काय सांगितलंत ते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी वेधशाळेला पत्र लिहिलं आणि तिला मराठीत वाचून दाखवलं: पत्नीच्या मदतीने केलेलं निरीक्षण...

"'मदतीने' खोडा," ती म्हणाली. त्यांनी ते खोडून 'पत्नीने केलेलं' असं लिहिलं. मग तिने टाक घेऊन खाली स्वतःचं नाव लिहिलं.

वेधशाळेला खरं कळलं. कल्याणात मात्र मास्तरांच्या प्रामाणिकपणाची गोष्ट पुढं बरीच वर्षं सांगितली जाई. मास्तर मान खाली घालून ऐकत, आणि लोकांना तो विनय वाटे.