माझीही खांदशेकणी झाली

मित्रांनो, मी सायकलच्या पोटातला एक जुना आस आहे. तुम्ही मला पाहिलं नसेल, पण पायाखाली नक्की घेतलं असेल. दोन पायडलांच्या मधोमध सायकलच्या चौकटीला एक आखूड, जाड नळी असते. तिच्यात मी आडवा राहतो. माझ्या दोन टोकांना पायडलांचे दांडे बसतात, आणि तुम्ही पाय दाबला की मी फिरतो. दुकानात मला बीबी एक्सल म्हणतात. माझ्या दोन्ही बाजूंना एकेक वाटी असते आणि वाटीत गोल मांडलेले पोलादी छर्रे असतात. त्यांच्याभोवती वंगण असलं की माझ्यासारखा शांत कुणी नाही. वंगण गेलं की मात्र मी कुरकुर करतो, आणि माझी कुरकुर दोन शेतांपलीकडे ऐकू जाते.

माझा जन्म पंजाबातल्या एका कारखान्यात झाला. तापलेल्या सळीचा एक तुकडा कापला, लेथवर घासला, दोन्ही टोकं चौकोनी केली, मग तापवून तेलात बुडवलं. शेवटी माझ्या अंगावर माझी लांबी कोरली. हे कशाला, असं मला तेव्हा वाटलं. पुढे कळलं की तीच माझी जन्मपत्रिका होती, आणि लोक तीच वाचायला विसरतात.

रुंद टायरांच्या एका डोंगरी सायकलीत मला बसवलं गेलं. ही सायकल राळेगावच्या एका दुकानात आली आणि तिथून शेजारच्या एका लहानशा गावात, रामरावांच्या घरी गेली. रामराव कापूस-तूर पिकवणारे, दोन बैलांचे धनी. बैलांवर त्यांचा इतका जीव, की बैलांनी पाणी प्यायल्याशिवाय ते स्वतः चहा घेत नसत. त्यांची मुलगी निकिता शेतीची पदविका घेऊन घरी आली, तिला काम मिळालं आणि त्या कामासाठी ही सायकल आली.

तिचं काम समजून घ्या, कारण माझं सगळं आयुष्य त्याच्याशी बांधलेलं आहे. कपाशीच्या शेतात मादीच्या वासाने पतंग ओढणारे कामगंध सापळे लावतात. गुलाबी बोंडअळीचे पतंग त्यात अडकतात. निकिताने रोज सकाळी पाच गावांतले सापळे पाहायचे, पतंग मोजायचे आणि शेतकऱ्यांच्या कंपनीला आकडा कळवायचा. एका सापळ्यात सलग तीन दिवस आठ-आठ पतंग आले की त्या गावात फवारणीचा निरोप जातो. एक दिवस चुकला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. तोवर अळी बोंडात शिरते, आणि एकदा ती आत शिरली की बाहेरून कितीही फवारा, तिला काही होत नाही. म्हणून निकिताला एकही सकाळ चुकवून चालत नसे.

पांदण रस्त्याने, दगडगोट्यांतून, काळ्या मातीच्या चिखलातून आम्ही हिंडत होतो. चढ आला की निकिता उभी राहून पायडल मारी. तिचा सगळा भार माझ्यावर येई आणि मी तो आनंदाने झेलत असे. गावातले लोक सायकलीभोवती जमत. कुणी गिअर पाहून खूश होई, कुणी पुढचा शॉकअप दाबून पाही. माझं नाव कुणी काढलं नाही. पोटातल्याला कोण विचारतो? मला वाईट वाटे, पण काम चालू होतं तोवर तेही मी गिळून टाकत असे.

मग पोळा आला.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर जुवाने घासलेल्या खांद्यांना कोमट तूप आणि हळद लावून पळसाच्या पानांनी शेकतात. मग जेवणाचं आमंत्रण म्हणून बैलाच्या कानाशी म्हणतात, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. दुसऱ्या दिवशी बैलांना नाल्यावर नेऊन धुतात, सजवतात, पुरणपोळी देतात. रामरावांनी हे सगळं नेहमीसारखं केलं. पण त्या वर्षी त्यांच्या मनात आलं, की लेकीला रोज पाच गावं फिरवून आणणारी सायकल तेवढी कोरडी का ठेवायची? निकिता पहाटेच पाचही गावं फिरून आली होती. त्यांनी सायकल खांद्यावर टाकली आणि बैलांबरोबर नाल्यात नेली.

त्यांचा हेतू तुपासारखा स्वच्छ होता. हे मी शपथेवर सांगतो. त्यांनी आम्हाला गुडघाभर पाण्यात आडवं घातलं, गवताच्या बोळ्याने घासलं आणि बैल डुंबून होईतो तसंच पाण्यात ठेवलं. नाल्याचं गढूळ पाणी वाट्यांच्या फटींतून आत शिरलं आणि बसून राहिलं. घरी आल्यावर हँडलला बेगडाची माळ, सीटवर झूल, चाकाला कुंकू. निकिताच्या आईने, विमलताईंनी, बैलांबरोबर सायकलीलाही ओवाळलं. एवढा मान मला आयुष्यात मिळाला नव्हता. आणि आत माझं वंगण धुऊन चाललं होतं.

पंधरा दिवसांत मी कटकट वाजायला लागलो. पायडल मारलं की आत वाळू भरडल्यासारखा आवाज येई. निकिता मला घेऊन राळेगावला धर्मपालच्या दुकानात गेली. धर्मपाल बसस्टँडच्या मागे तीस वर्षं सायकली दुरुस्त करतो. त्याने वाट्या उघडल्या तेव्हा तांबडं पाणी गळालं. छर्रे खरवडले होते, पण मी आणि वाट्या धड होतो. छर्रे बदलतो, वंगण भरतो, आणखी चार वर्षं चालेल, असं तो म्हणाला. निकिताला ते पटलं नाही. तिने फोनवर नवी बंद डबी पाहून ठेवली होती. आस, छर्रे, सगळं एकाच नळकांड्यात सीलबंद. पाणी आत जात नाही असं तिथे लिहिलं होतं. रोजच्या कामाचा प्रश्न, धोका कशाला घ्यायचा, असं तिचं म्हणणं. तिचंही चूक नव्हतं. डबी येईतो तिने मला तसंच कटकटत चालवलं, मग धर्मपालने मला बाहेर काढलं.

घरी मात्र ती बापावर चिडली. "बाबा, यापुढं माह्या सायकलले हात लावू नका," असं ती म्हणाली. रामरावांनी हातच आखडला. त्या दिवसापासून सायकल अंगणात आडवी पडली तरी ते ती उचलून उभी करत नसत. हे सगळं निकितानेच नंतर एकदा दुकानात धर्मपालला सांगितलं. मी तोवर त्याच्या पत्र्याच्या डब्यात, जुन्या तेलात, मोडक्या पायडलांच्या संगतीला पडलो होतो.

नवी डबी बसवताना मी त्या पत्र्याच्या डब्यातून ऐकत होतो. निकिताने चौकटीची नळी पट्टीने नीट मोजली होती आणि त्या मापाची डबी मागवली होती. पण आतला आस किती लांब, हे तिने पाहिलंच नव्हतं. तो माझ्याहून नखभर आखूड निघाला. दांडा बसवल्यावर पुढचं मोठं दातेरी चक्र चौकटीला घासायला लागलं.

धर्मपाल हसला. "पोरी, बाज खोलीत मावते का, ते तू मोजलं. बाजीवर मानसाचे पाय मावते का, ते नाही मोजलं."

पण दुसरी मागवायला दिवस गेले असते. मग निकिताच्या आग्रहाखातर त्याने उजवीकडे दोन वायसर घातले आणि डबी बाहेर सरकवली. चक्र सुटलं, पण डावीकडची वाटी जेमतेम दोन आट्यांवर राहिली. हे जमवून आणलेलं लग्न आहे, सांभाळून चालव, असं त्याने बजावलं. रोज पाच गावं, तीही पांदणीने. त्यात सांभाळणार तरी किती?

महिनाभर ते टिकलं. मग कपाशीला बोंडं धरली आणि पाचव्या गावात, सगळ्यात लांबच्या, एका सापळ्यात नऊ पतंग सापडले. दुसऱ्या दिवशी अकरा. निकिताने गावात सांगून ठेवलं, उद्याही आठ किंवा जास्त आले तर लगेच निरोप येईल. आणि परत येताना भर पांदणीत डावी वाटी आट्यांसकट निसटली. पायडलाचा दांडा दातासारखा हलायला लागला. साखळी उतरली. तिने फोन केला तो धर्मपालला, आणि मग थोडा वेळ थांबून, बापाला.

रामराव बैलगाडी जुंपून गेले. सायकल गाडीत घातली, लेकीला शेजारी बसवलं आणि थेट राळेगावला आणलं.  दिवस कलला होता. नवी डबी यायला चार दिवस लागणार होते आणि तिसरी मोजणी दुसऱ्या सकाळी होती. त्या गावाला एसटी दुपारशिवाय जात नाही, आणि बैलगाडीने पाच गावं एका सकाळीत होत नाहीत.

धर्मपालने आधी नळीच्या आट्यांवरून बोट फिरवलं. चौकट वाचली होती, फक्त डबीची वाटी सोलवटली होती. मग त्याने माझा पत्र्याचा डबा ओढला. मित्रांनो, खरं सांगतो, मला रडू आलं असतं. त्याने मला पुसलं, बोटावर फिरवून पाहिलं, माझ्या अंगावरची लांबी वाचली. वाट्यांत घट्ट वंगण भरलं. एकेका बाजूला अकरा नवे छर्रे तो मोजून मांडत होता आणि रामराव उकिडवे बसून पाहत होते. शेवटी त्यांनी हळूच विचारलं, की एवढं घट्ट तूप आत असतं, तर सायकल धुतली यात आपलं चुकलं काय?

"रामरावभाऊ, पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याले काय लावता?" धर्मपालने विचारलं.

"तूप-हळद."

"नुसतंच पानी मारून सोडता का?"

"कायले? खांदा सडन ना त्याचा."

"मंग सायकलचा खांदा हा आहे," धर्मपाल माझ्यावर बोट ठेवून म्हणाला. "तुमी सायकलले आंघोळ घातली, पण तिचा खांदा कोनी शेकलाच नाही."

 रामरावांनी वंगणाच्या डब्यात बोट बुडवलं आणि शेवटची वाटी बसण्याआधी स्वतःच्या हाताने आत फिरवलं. निकिताने पाहिलं. हात लावू नका असं ती म्हणाली नाही.

दुसऱ्या सकाळी आम्ही निघालो. एक आवाज नाही, एक हिसका नाही. पाचव्या गावातल्या सापळ्यात तेरा पतंग होते. तिने तिथूनच आकडा कळवला, निरोप गेला, आणि दुपारपर्यंत त्या गावात पंप पाठीवर चढले होते. अळी अजून बोंडात शिरायची होती. त्या गावाचं पीक हाती लागलं.

याला वर्ष होत आलं. काल पुन्हा पोळ्याची आदली संध्याकाळ होती. रामरावांनी बैलांचे खांदे शेकले आणि हात पुसायला लागले. तेवढ्यात निकिता सायकल घेऊन आली. तिने ती अंगणात उलटी ठेवली. माझ्या वाट्या तिने स्वतःच उघडल्या. ते ती वर्षभरात धर्मपालकडून शिकली आहे. मग बापासमोर तिने वंगणाचा डबा आणि पळसाचं एक पान धरलं.

"बाबा, हिचा खांदा राह्यला ना," ती म्हणाली.

रामरावांनी पानावर वंगण घेतलं आणि दोन्ही बाजूंना भरलं. आज आम्हाला नाल्यावर नेलं नाही. ओल्या फडक्याने पुसलं, तेवढंच.

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणीतरी पोटात राहून फिरत असेल. त्याला माळ घालू नका. त्याला काय हवं ते आधी विचारा, माप वाचा, आणि वर्षातून एकदा उघडून पाहा. माया आंधळी असली तर पाण्यासारखी आत शिरते आणि गंज चढवते. हे मी कुणाला दोष द्यायला सांगत नाही, सोसलं म्हणून सांगतो.

काल वाट्या बंद करून झाल्यावर रामराव वाकले. मला वाटलं, काही पडलं असेल. त्यांनी तोंड माझ्या नळीशी आणलं आणि बैलाच्या कानात सांगतात तसं म्हणाले, "आज आवतन घे बावा, उद्या जेवाले ये."