शेंदराखालची पांढरी रेघ

मी पैनगंगेकाठचा एक दगड बोलतोय. हात जोडू नका, आधीच मला मेल्याहून मेल्यासारखं झालंय. मी देव नाही. मी एका लेकराच्या उशाचा दगड आहे.

मोठ्या दुष्काळानंतर नदीपलीकडच्या निजामाच्या मोगलाईतून एक बंजारा तांडा इकडे अनसिंगच्या बाजूला आला. त्यांनी जंगल तोडून जमिनी केल्या. पहिल्याच वर्षी तापाची साथ आली. मोठ्यांना त्यांनी जाळलं, लहानग्यांना नदीकाठी पुरून प्रत्येकाच्या उशाला एकेक दगड रोवला.

त्यात मोतीबाईचं तान्हं लेकरू होतं. तिनं नदी धुंडाळून मला निवडलं, कारण माझ्या अंगावर आडवी पांढरी रेघ आहे. मला रोवताना तिनं नवऱ्याला, लालसिंगला, बजावलं की आपण कुठंही गेलो तरी ही रेघ विसरायची नाही. पुढे तांडा कामरगावकडे गेला.

मसनवटीचं रान शेजारच्या दौलतरावांकडे आलं. त्यांनी नांगर घातला. उशाचे दगड एकेक करून बांधावर गेले. माझ्यापाशी मात्र त्यांचा बैल बसला, काही केल्या उठेना. उन्हानं दमला होता बिचारा! पण दौलतराव घाबरले.

"देव हाय अथी! मले माफ कर बापा!"

त्यांनी मला शेंदूर फासला. मग दर पोळ्याला नवा थर. माझी रेघ पार बुडाली. लोक नवस बोलू लागले, मी नारळ खात राहिलो. कसली ही फजिती!

गेल्या उन्हाळ्यात मोतीबाई आली. केस पांढरे, लालसिंग राहिला नव्हता. बांधावरचा एकेक दगड तिनं उलटून पाहिला.

"दादा, अथी आमची मसनवटी होती. माह्यं लेकरू हाय अथी."

दौलतरावांनी मान खाली घातली. "अथी तं देव हाय बाई," एवढंच म्हणाले.

मग ती माझ्यापुढे बसली. ओढणीच्या गाठीतला गूळ माझ्यापुढे ठेवला.

"देवा, तुले सारं दिसते. माह्या लेकराची जागा दाखव मले."

ती त्याच जागेवर बसली होती. मला ओरडावंसं वाटलं. कपाळाला माझा शेंदूर लावून ती निघून गेली. तेव्हापासून मला कुणाच्या नजरेला नजर देववत नाही.

इकडून गेलात तर नारळ आणू नका. नखानं माझा शेंदूर खरवडा, रेघ दिसली की कामरगावच्या तांड्यावर मोतीबाईला निरोप धाडा. पण लवकर या. उद्या पोळा आहे, आणि दौलतराव तेलात शेंदूर कालवायला बसलेत.