पिरिडिनचा वास

"काका, आधी बाहेर या," शेजारच्या खोलीतली केमिस्ट दारातूनच म्हणाली. तिने नाकाला रुमाल लावला होता. "वास येत नाही का तुम्हाला?"

काका पडद्यावरच्या आलेखाकडे बघत बसले होते. उठून पाहिलं, तर नळीच्या जोडातली रबराची कडी चिरली होती आणि पिरिडिन या रसायनाची वाफ खोलीभर पसरली होती. त्यांनी वाल्व्ह बंद केला, खिडक्या उघडल्या आणि बाहेर आले. सगळा मजला आधीच जिन्यात जमला होता.

एकतीस वर्षं काका प्रयोगशाळेत झिओलाइट तपासायचं हे एकच यंत्र चालवत होते. झिओलाइट म्हणजे बारीक छिद्रांची पांढरी भुकटी. तिच्यात आम्ल कुठे, किती आणि कसलं, ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून तिची नखाएवढी पातळ चकती दाबायची, निर्वातात तापवायची आणि पिरिडिनची वाफ सोडायची. वाफ आम्लाला जाऊन चिकटते. मग अवरक्त प्रकाश टाकला, की आलेखावर दोन उंचवटे येतात, दोन जातींच्या आम्लांचे. काकांचं मोजमाप कधी चुकलं नव्हतं. पण पिरिडिनला सडक्या माशासारखी घाण येते आणि ती अंगाला धरते. कँटीनमध्ये त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामीच राहायची. घरी बायको दारातच शर्ट काढायला लावायची.

साहेबांनी त्यांना त्याच दिवशी डॉक्टरकडे धाडलं. डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगून नाकाखाली कॉफी धरली, लवंग धरली, साबण धरला. काकांना कशाचाच पत्ता लागला नाही.

जेवणाला चव लागते का, असं डॉक्टरांनी विचारलं.

"चार वर्षं नाही लागत. पण ते बायको गेल्यामुळे."

तिच्या हातची चव तिच्याबरोबरच गेली, असं ते सगळ्यांना सांगत, आणि ऐकणाऱ्यालाही ते पटे. डॉक्टर जपून बोलले. वास यायचा थांबला की चवही जाते. बहुतेक हे नाकाचंच असावं.

"मी त्याला दुःख समजत होतो," काका म्हणाले.

घरी कपाटात बायकोचा निळा स्वेटर होता. तिचा वास उडून जाऊ नये म्हणून त्यांनी तो न धुता पिशवीत घालून गच्च बांधून ठेवला होता, आणि त्याच भीतीने पिशवी एकदाही उघडली नव्हती. त्या संध्याकाळी त्यांनी गाठ सोडली, स्वेटर नाकाशी धरला आणि परत ठेवून दिला.

रविवारी पिशवी घेऊन ते लेकीच्या गावी गेले. सगळं ऐकून घेतल्यावर लेकीने स्वेटरमध्ये तोंड खुपसलं. काका तिच्या पाठीकडे बघत राहिले. ती हलली नाही, तसं त्यांनी हळूच विचारलं, "येतोय?"

तिने मानेनेच हो म्हटलं.

"कसा आहे, सांग."

"तेलाचा, बाबा. आणि थोडा घामाचा. स्वयंपाक करून आल्यावर आई जवळ घ्यायची ना, तसा."

ते निघाले तेव्हा तिने पिशवी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी घेतली नाही.

"तुझ्याकडेच असू दे. माझ्याकडे ते नुसतं कापड आहे."

पिशवीची गाठ मात्र त्यांनी स्वतः आवळून बांधली. मग चपला घालून, मोकळे हात खिशात घालून ते बसस्टॉपकडे निघाले.