तोंड डोंगराकडे

मी एक लहानसं पिस्तूल बोलतोय. घाबरू नका, आत्ता माझ्यात गोळी नाही. माझी नळी माणसाच्या मधल्या बोटाहून जराशी लांब, आणि मूठ एवढी आखूड की धरणाऱ्याची करंगळी बाहेरच राहते. मला असं बुटकं घडवलं ते मुद्दाम. सदऱ्याखाली, पट्ट्याच्या आत, कुणाच्या नजरेस न पडता राहायचं, हाच माझा जन्माचा धंदा.

कारखान्यातून निघण्याआधी एका बाईने माझी पहिली परीक्षा घेतली. वाळूच्या पेटीत गोळ्या झाडल्या, माझ्यावर ठसा मारला आणि शेजारणीला विचारलं की आज डब्यात काय आणलंस. माझा पहिला आवाज ऐकून कुणी दचकलंसुद्धा नाही.

मग केंटकीच्या डोंगरातल्या एका दुकानात मी काचेखाली पडून होतो. तिथून मला व्हर्लिन टॅकेटने घेतलं. तो शेरीफच्या कचेरीतला सार्जंट, नुकताच निवृत्त झालेला. नोकरीतलं मोठं पिस्तूल कचेरीत जमा केलं होतं. त्याची बायको ओलेटा बरोबर आली होती. ती दुकानदाराला म्हणाली, "सगळ्यात लहान असेल ते दाखवा. आधीच्या धोंड्याने चर्चच्या बाकावर माझ्या बरगड्या सोलून काढल्यात."

त्याच दुपारी व्हर्लिनने मला चांदमारीवर नेलं. खाणीसाठी डोंगर कापून झाल्यावर उरलेलं ते सपाट मैदान, समोर मातीची उभी भिंत. लहान पिस्तूल हाताला झटका जास्त देतं. पहिल्याच गोळीला मी असा उसळलो की मागे उभी असलेली पोलिसातली तरुण पोरं हसली.

"छोटं कुत्रंच जास्त भुंकतं," व्हर्लिन म्हणाला, आणि त्याने मला पुन्हा धरलं. घट्ट धरलं, पण आवळलं नाही. मी डावीकडे ओढतो हे त्याला दुसऱ्या गोळीलाच कळलं. माझी खोड मोडायला तो गेला नाही. तिच्याशी जमवून घेतलं. लग्न झालेला माणूस होता, त्याला ते येत होतं.

त्या मैदानावर त्याने पोलिसांच्या दोन पिढ्यांना नेमबाजी शिकवली होती. त्याचा एकच मंत्र होता: तोंड डोंगराकडे. हत्यार हातात असताना कुणी हाक मारो, गांधीलमाशी चावो, नळीचं तोंड डोंगराकडेच राहिलं पाहिजे. डेल्मर नावाचा एक नवखा पोरगा एकदा हातात पिस्तूल घेऊनच मागे वळला होता. व्हर्लिन ओरडला नाही. त्याने पोराच्या हातावर आपला हात ठेवला, नळी डोंगराकडे वळवली, पिस्तूल काढून घेतलं आणि हातात झाडू दिला. तो सबंध हिवाळा डेल्मर तिथल्या, झाडलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्या झाडूने गोळा करत होता. हे माझ्या जन्माआधीचं. पण गोष्ट दर वर्षी निघायची आणि सगळ्यात मोठ्याने डेल्मरच हसायचा. आता चांदमारी त्याच्याच ताब्यात होती.

दर वर्षी, कारण वर्दी उतरल्यावरही हत्यार अंगावर बाळगायचं तर निवृत्त पोलिसाला वर्षातून एकदा तिथे येऊन परीक्षा द्यावी लागते. पानं लाल झाली की आम्ही जायचो. कागदाच्या माणसावर गोळ्या झाडायच्या, पास व्हायचं, आणि परतताना ओलेटासाठी सफरचंदं घ्यायची.

बाकी वर्षभर मी नुसता त्याच्या कमरेला. माणसाची एक सवय मी तिथून पाहिली. त्याला वाटतं आपण लपवलंय, पण त्याचं कोपर सारखं येऊन चाचपून जातं. चर्चमध्ये, न्हाव्याकडे, घेवड्याचं सूप पिताना. हॉटेलात तो नेहमी दाराकडे तोंड करून बसायचा. इतक्या वर्षांत त्याने मला कुणावर उगारलं नाही. मला त्याचं समाधान होतं.

मग तो विसरायला लागला. आधी नावं, मग रस्ते. एकदा मला पावाच्या डब्यात ठेवलं आणि घरभर शोधत फिरला. ओलेटाने डबा उघडला, मला पाहिलं आणि उचलून त्याच्या खुर्चीवर ठेवलं. तिचे हात गार होते.

एका सकाळी वीजमीटर बघणारा माणूस मागच्या फाटकाने अंगणात आला. दर महिन्याला येणारा, ओळखीचा. व्हर्लिनने त्याला ओळखलं नाही. त्याचा हात सदऱ्याखाली आला आणि मला धरलं. मी काय करणार? मला घट्ट चिकटून बसता येत नाही, की निसटून खाली पडता येत नाही. ओलेटाने खिडकीतून त्या माणसाचं नाव मोठ्याने घेतलं, तेव्हा हात सैल झाला.

त्या दिवशी व्हर्लिन खुर्चीत डुलकी घेत होता, मी त्याच्या कमरेला होतो. स्वयंपाकघरात ओलेटा फोनवर डेल्मरशी हळू आवाजात बोलत होती. पिस्तूल काढून ठेव असं आपण सांगितलं तर तो मोडून पडेल, म्हणाली. परीक्षेच्या कागदाने नापास केलं तर ऐकेल. पलीकडून डेल्मर काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. पण ती म्हणाली, "मग चुकू दे रे देवा त्याचा नेम. एकदाच चुकू दे."

पानं लाल झाली. आम्ही चांदमारीवर गेलो. ओलेटा निळा कोट घालून, कॉफीचा थर्मास घेऊन मागच्या बाकाशी उभी राहिली.

"काय सार्जंट, हे खेळणं अजून चालतं का?" डेल्मरने विचारलं. हसला, पण डोळे हसले नाहीत.

"खेळण्याला काय झालंय? तू झाडायला विसरलास वाटतं, केवढ्या पुंगळ्या पडल्यात बघ."

त्याच्या तळव्यात मी बसलो. हात थरथरत होता, हे मला कळत होतं. ओलेटाची प्रार्थना मला माहीत होती आणि माझ्या मनातही तेच होतं. पण मला डावीकडे जास्त ओढता येत नाही, जेवढं ओढतो तेवढंच ओढतो. पहिली गोळी सुटली, आणि हाताला सगळं आठवलं. थरथर गेली. माझी खोड, माझा झटका, चाप किती दाबला की काय होतं, सगळं. डोकं विसरलं ते बोटांनी सांभाळून ठेवलं होतं. गोळीमागून गोळी कागदाच्या छातीत एकाच ठिकाणी जात होती.

ओलेटा मान खाली घालून उभी होती.

मग व्हर्लिन थांबला. माझ्यात अजून एक गोळी होती. त्या कागदाकडे बघून तो लहान मुलासारखा हसला आणि कानावरचे आवाजरोधक वर करून मागे वळला. "बघितलंस का गं, ओलेटा?"

मी त्याच्या हातात होतो. बोट चापावर होतं. मी निळ्या कोटाच्या दुसऱ्या बटणाकडे बघत होतो. पावाच्या डब्यातून मला काढणारे ते हात माझ्यासमोर होते. मला डोळे मिटता येत नाहीत. तोंड फिरवता येत नाही. एवढ्या मोठ्याने बोलणारा मी, "व्हर्लिन, वळ" एवढं हळूच म्हणू शकत नाही.

डेल्मर ओरडला नाही. त्याने त्या हातावर आपला हात ठेवला, बोट अलगद चापावरून बाजूला केलं आणि मला डोंगराकडे वळवलं. शिकवलं होतं तसंच.

व्हर्लिनने त्या हाताकडे पाहिलं. "मी वळलो?"

डेल्मरचा हात अजून त्याच्या हातावरच होता.

"मी वळलो का, ओलेटा?"

जिने नेम चुकावा म्हणून देवाला साकडं घातलं होतं, तीच म्हणाली, "नाही रे. तू कुठे वळलास?"

खरं फक्त मला सांगायचं होतं, आणि मी लोखंड.

व्हर्लिन तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला, मग त्याची नजर खाली गेली. थर्मास तिच्या पायाशी आडवा पडला होता आणि कॉफी तिच्या बुटांवर सांडली होती. ओलेटाच्या हातून काही सांडत नाही, हे तो अजून विसरला नव्हता. त्याने माझ्यातली गोळी काढली, आत बोट घालून पाहिलं, मला मेजावर ठेवलं. तोंड डोंगराकडे.

"डेल्मर," तो म्हणाला, "झाडू कुठे असतो?"

"सार्जंट, राहू द्या."

"तुला मी राहू दिलं होतं का?"

डेल्मरने झाडू आणून दिला. व्हर्लिनने एका कडेपासून सुरुवात केली. पुंगळ्यांचा आवाज होत होता. ओलेटा बाकावर बसली होती, ओल्या बुटांनी. तिला हवं ते झालं होतं आणि ती रडत होती.

तेव्हापासून मी डेल्मरच्या लोखंडी कपाटात असतो. माझं चामडी म्यान व्हर्लिनकडेच आहे. त्यात तो चष्म्याचं घर ठेवतो. चर्चमध्ये कोपर अजून जाऊन चाचपतं, असं ओलेटा डेल्मरला सांगत होती. मला कुणी पुन्हा कमरेला लावावं अशी माझी मागणी नाही. ज्यांच्या कमरेला माझे भाऊबंद आहेत त्यांना एवढंच सांगतो, आम्हाला स्वतःहून वळता येत नाही हे विसरू नका. आणि विसरायला लागलात, तर घरच्यांच्या बुटांकडे बघा.

शनिवारी ओलेटा त्याला चांदमारीवर घेऊन येते. तो पुंगळ्या झाडतो. परवा डेल्मरने मला तेल लावायला बाहेर काढलं होतं. व्हर्लिन झाडू घेऊन जवळ आला, माझ्याकडे वाकून बघितलं.

"छान आहे रे लहानसं. मूठ बघ कशी झिजलीय. कुणाचं?"

डेल्मर जरा वेळ तेलाची चिंधी पिळत राहिला. "आहे एका चांगल्या माणसाचं."

"मग तोंड डोंगराकडे ठेव त्याचं," व्हर्लिन म्हणाला आणि झाडायला लागला.

मी डोंगराकडेच बघत होतो.