देवी काढणार

उमरखेडहून सुटलेली एस.टी. मोहखेड्याच्या फाट्यावर पार रिकामी झाली. कंडक्टरनेही मान बाहेर काढून पाहिलं. माणसं नारळाच्या पिशव्या सावरत, पोरं कडेवर घेत पळत सुटली, आणि सगळी एकाच दिशेला. मी या गावचा मास्तर. महिनाभर यवतमाळला शिक्षकांच्या शिबिरात होतो आणि आज परत येत होतो, पण माझ्याच गावात मला रामराम घालायला कोणी थांबेना.

१९६३ सालचा एप्रिल होता. मंगळवार, दिवेलागणीची वेळ.

शाळेत पाणी भरणारा उकंडा तेवढा दिसला. त्याच्या खांद्यावर घोंगडीत गुंडाळलेला नातू होता.

"कुठं चालली ही जत्रा?" मी विचारलं.

"तुमाले माईत नाई काय, गुरुजी? देवीलालच्या अंगात मातामाय येते. नुसतं घुमनं नाई बरं. तोंडच पालटते त्याचं. डोये पेटतेत. सरकारनं सुई टोचली म्हनून दंडातून रगत गयते मायच्या."

"आणि पोराला काय झालं?"

"फोड आलेत. मायच्या पायावर घालतो."

एरवी मी हसलो असतो. देवीलालचं नाव ऐकून हसू आलं नाही. गावाला लागून असलेल्या बंजाऱ्यांच्या तांड्याच्या तोंडाशी त्याचं किराणा दुकान होतं, आणि साऱ्या गावात मी मन मोकळं करायचो ते त्याच दुकानात. मीही गर्दीमागून गेलो.

देवीलालच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. आतल्या खोलीच्या दाराला घोंगडी लावलेली होती. उंबऱ्याबाहेर राखेची रेघ होती, ती ओलांडायची नाही असा मायचा हुकूम होता. रेघेपलीकडे जमिनीवर एकच दिवा. पुढच्याच रांगेत माझी बायको बेबीताई हात जोडून बसलेली. तिच्या मांडीवर आमची पाच वर्षांची वच्छी, आणि वच्छीला खेटून उकंडाने आपला नातू ठेवला.

घोंगडी बाजूला झाली. उंच, काळीनिळी आकृती पुढे आली. कमरेपर्यंत पिंगट जटा. तोंड सुजलेलं, ओठ लोंबलेले, आणि डोळे खरंच पेटलेले होते. दिवा हलला की तेही हलायचे. खोटं कशाला सांगू, माझ्याही अंगावर काटा आला.

"मले काढता?" देवी घोगऱ्या आवाजात बोलली. "कायले काढता? म्या कोनाचं काय खाल्लं? शायेच्या भितीवर लिवलं सरकारनं, देवी काढनार. वाचा तुमीच. मले गावातून काढल्यावर तुमच्या लेकराईकडे पाहीन कोन?"

देवी तांड्यातली असो की कैलासातली, बोलायची मात्र हुबेहूब देवीलालसारखी.

भिंतीवरचं ते लिहिणं माझं होतं. शिबिराला निघण्याआधी खडूने मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं होतं, 'एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारपासून शाळेत देवी काढणार. मुलांना घेऊन यावे.' आपल्या मराठीत त्या रोगालाही देवीच म्हणतात, आणि लस टोचण्याला देवी काढणं म्हणतात. लिहिताना मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आता त्याच दोन शब्दांवर अख्खं गाव मान डोलावत होतं.

देवीने हळदीने माखलेला दंड दिव्यापुढे धरला. "हे पाहा. इथं सुई टोचली मले." दुसऱ्या तळव्याने दंड दाबला आणि बोटांखालून लालभडक ओघळ आला. बायांनी हंबरडा फोडला. बेबीताईने वच्छीचं डोकं खाली वाकवलं.

तेवढ्यात वारा आतून बाहेर आला आणि एक वास आला. शेजारचा म्हातारा पुटपुटला, "मायच्या अंगाचा वास हो. सर्गातला."

स्वर्गातला कसला? तो मेथीचा वास होता.

आणि मला सगळं आठवलं. आदल्या दिवाळीत होणाऱ्या शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी मी एक नाटुकलं लिहिलं होतं, 'हडळ पळाली'. हडळ देवीलाल होणार होता. दोन महिने आम्ही दोघांनी शाळेच्या ओसरीत बसून सोंग तयार केलं. मुलांनी घरून आणून दिलेले जुने पेपर भिजवून कुटले आणि बाया टोपल्या लिंपायला करतात तसा लगदा केला. त्यात मेथीचं पीठ घाला, कीड लागत नाही, असं बेबीताईने सांगितलं होतं. आतून काही पेपर न कुटता तसेच अस्तरासारखे चिकटवले, अंबाडीच्या जटा केल्या. डोळ्यांसाठी देवीलालच्या बायकोने, जमनीने, आपल्या जुन्या फेटियाचे, म्हणजे घागऱ्याचे, दोन गोल आरसे उसवून दिले. डावा कडेला टवका उडालेला होता. रक्ताची युक्ती मी शिकवली होती. आधी लोकांना घाबरवायचं, मग देवीलालने मुखवटा काढून पडद्यापुढे यायचं आणि एकेक गोष्ट उलगडून सांगायची, असं ठरलं होतं. मग चीनची लढाई सुरू झाली, संमेलन रद्द झालं. मुखवटा पाहायला किंवा घरात ठेवू द्यायला बेबीताई तयार नव्हती, म्हणून तो देवीलालच्या माळ्यावर गेला. गावाने तो कधी पाहिलाच नव्हता.

मी मान उंच करून पाहिलं. देवीच्या डाव्या डोळ्याचा टवका उडालेला होता.

तेव्हाच उठून बोलायला हवं होतं. बोललो नाही. मित्राची अब्रू चारचौघांत कशी काढायची, हा विचार आडवा आला.

बुधवारी सकाळी शाळेत गेलो तर ओसरीवर रहमतभाई बसलेले. तालुक्याहून देवी काढायला आलेले सरकारी माणूस. सोमवारपासून एकटेच बसून होते.

"गुरुजी, एक बच्चा नाई आला," ते म्हणाले. "बाजूच्या खेड्यात देवी निघाल्या. तुमची बेटी तरी आना."

वच्छीला लहानपणीच टोचायचं होतं. त्या वेळी ती गोवराने पडली आणि ते राहूनच गेलं. मी घरी विषय काढला तर बेबीताईने दाराला पाठ लावली. "मायचं रगत म्या डोयानं पाह्यलं. माह्या पोरीले हात लावू नोका." मी देवीलालच्या दुकानात गेलो. तो गूळ फोडत होता.

"मेथीचा वास येतो तुझ्या देवीला," मी म्हणालो.

त्याने हातोडी खाली ठेवली. नजर चुकवली नाही, उलट हसला. "तुमीच ओयखसान, हे माईत होतं मले."

"काहून केलं हे?"

"पैल्या दिवशी गंमत केली, गुरुजी. तांड्यात कोनी आजारी होतं, म्हनलं पाहू. लोकं पाया पडले. तुमच्या नाटकाले कोनी आलं असतं काय? इथं चार गावची मानसं येऊन राह्यली. नारय माह्याच दुकानातून जातेत."

"नारळ विक. लस कशाला अडवतोस? पोरं मरतील."

त्याने फोडलेला गूळ बाजूला सारला. मग त्याने माझा हात धरला. "तुमचं म्हननं खरं आहे. आता माय शुक्रवारी येते. तिच्याच तोंडून सांगतो ना, टोचून घ्या म्हनून. तुमी सांगून जे होत नाई, ते माय सांगन तं घंट्याभरात होते. गावासमोर माही फजिती करू नोका फक्त."

मला ते पटलं. इतकंच नाही, ते हुशारीचंही वाटलं. रहमतभाईंना मी सांगितलं, "शुक्रवारपर्यंत थांबा, सगळं गाव रांगेत येईल." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि वच्छीबद्दल पुन्हा विचारलं. मी म्हणालो, तिलाही तेव्हाच आणतो, घरात भांडण नको.

मी देवीवर विश्वास ठेवला नव्हता. देवीलालवर ठेवला.

शुक्रवारी तीच गर्दी, तीच राख, तोच दिवा. मी पुढे बेबीताईशेजारी बसलो होतो आणि मनातून खूश होतो. देवी बाहेर आली. आरशांच्या डोळ्यांनी तिने गर्दीवरून नजर फिरवली आणि हात लांब करून बोट दाखवलं. माझ्याकडे.

"या मास्तरनं लिवलं भितीवर. यानंच मले काढाले मानूस बलावला. याच्या हाती पोरं देऊ नोका. जो टोचून घेईन त्याच्या घरी म्या बसन."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. बेबीताई वच्छीला घेऊन माझ्यापासून हातभर सरकली. ते अजून विसरलो नाही. मला रडू येत होतं आणि रागही. माझ्या नाटकातली देवीलालची सगळी वाक्यं मी त्याला पाठ करून घेतली होती. हे वाक्य मात्र त्याने स्वतः रचलं होतं.

मी उठलो. राखेची रेघ ओलांडली. कोणी तरी मागून ओरडलं. शेजारच्या परातीतली हळद मी दंडाला फासली, खिशातून तंबाखूच्या चुन्याची डबी काढली, चुना तळव्यावर पाण्यात कालवला आणि दंड दाबला. लाल ओघळ आला.

"मलाही सुई टोचली का?" मी विचारलं. "हळदीला चुना लागला की लाल होते. घरी जाऊन पाहा, तुमच्याही दंडातून निघेल."

उकंडा म्हणाला, "पन गुरुजी, तोंड तं मायचंच आहे."

"मग ऐक, उकंडा. या तोंडाच्या आतून, डाव्या गालाला, तुझ्या धाकट्या पोराचा तिसरीतला गणिताचा पेपर चिकटवलेला आहे. त्याला सहा गुण मिळाले होते, लाल शाईने मीच दिलेत. नसला तर मी उद्या गाव सोडतो."

देवी मागे सरली. मी जटा धरून ओढल्या. मुखवटा हातात आला आणि त्याखाली घामाने भिजलेला देवीलाल निघाला. मी मुखवटा उलटा करून दिव्यापाशी धरला. उकंडाला वाचता येत नव्हतं, पण लाल शाईतला सहा त्याला ओळखता आला. पेपर घरी नेऊन दाखवल्यावर पोराला त्याने बदडलं होतं.

एवढं झाल्यावर सगळं संपेल असं वाटलं होतं. संपलं नाही. मागून आवाज आला, "याचं खोटं असन, पन मायले राग तं येनच ना." माना पुन्हा डोलू लागल्या. युक्ती उघडी पडली तरी भीती जागच्या जागी बसलेली होती.

तेव्हा बेबीताई उठली. ती माझ्याकडे आली नाही. दाराआड उभ्या असलेल्या जमनीकडे गेली. जमनीची सहा वर्षांची हिरी आमच्या वच्छीची मैत्रीण होती.

"जमनी, तुह्या पोरीले टोचलं काय?"

हिरी तिच्या ओढणीत शिरून "याडी, याडी" अशा आईला हाका मारू लागली. जमनीने तिला पुढे घेतलं आणि तिच्या झंपराची बाही खांद्यापर्यंत वर केली. दंडावर दोन ताज्या खपल्या होत्या.

"यानंच उमरखेडले नेलतं तिले," जमनी म्हणाली. "माय पैल्यांदा अंगात आली त्याच्या आदल्या दिवशी."

देवीलालला कोणी हातही लावला नाही. उकंडा नातवाला उचलून त्याच्यासमोर उभा राहिला आणि एवढंच म्हणाला, "म्या तुह्या पायावर घातलं होतं हे पोरगं."

शनिवारी सकाळी रहमतभाईंपुढे शाळेच्या विहिरीपर्यंत रांग लागली. वच्छी त्या रांगेत पहिली होती. उकंडाचा नातू रविवारी गेला. पुढच्या शनिवारी वच्छीला ताप भरला आणि मग फोड आले. रहमतभाई परत आले तेव्हा त्यांनी बोटांवर दिवस मोजले. मंगळवारी ती त्या पोराला खेटून बसली होती. "बुधवारी टोचली असती तं लस आगे निघाली असती," ते हळूच म्हणाले, आणि मग हे बोलायला नको होतं असं वाटून माझा खांदा धरून बसले.

वच्छी वाचली. डावा डोळा गेला.

देवीलाल दुकान उचलून पांढरकवड्याच्या बाजूला निघून गेला. जाताना माझ्या दारावरून गाडी गेली, पण तो उतरला नाही. मीही बाहेर आलो नाही. मला त्याला एकच विचारायचं होतं, हिरीला घेऊन उमरखेडला निघालास तेव्हा वाटेत वच्छीची आठवण झाली होती का. ते राहिलं.

या गोष्टीला सहा वर्षं झाली. तो मुखवटा मी शाळेत भिंतीवर टांगला आहे, पण उलटा. बाहेरून त्याची भीती वाटते. आतून तिसरीच्या पोरांच्या चुकलेल्या बेरजा दिसतात. भिंतीवर खडूने आता 'देवीची लस टोचणार' असं लिहितो. तीन अक्षरं जास्त पडतात, पण शब्द नीट लिहायचा आळस मी पुन्हा करणार नाही.

वच्छी आता अकरा वर्षांची आहे. परवा तिने विचारलं, "बाबा, हे तोंड कोनं केलं?"

"मी आणि माझ्या एका मित्रानं," मी खरं तेच सांगितलं, आणि मंगळवारीच ते ओळखलं होतं हेही.

ती बराच वेळ उरलेल्या डोळ्याने आतल्या बेरजा वाचत राहिली. मग म्हणाली, "तुमी बुधवारी काहून नाई सांगतलं सर्व्याईले?"

तिच्या त्या प्रश्नापायी हे लिहितो आहे. वाचणाऱ्यांनो, कोणी चमत्कार दाखवू लागला तर हळद-चुना तर तपासाच, मुखवटा उलटा करून तर पाहाच. पण त्याआधी, जो तुम्हाला औषध घेऊ नका म्हणतो, त्याच्या स्वतःच्या पोरीची बाही वर करून पाहा. तो तुमचा जिवाभावाचा मित्र असला तरी पाहा, आणि शुक्रवारची वाट बघू नका.